पहिल्या ओळीतला श्री

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या धामणकर नाक्याला माहीत आहे. पण त्या सकाळी आमच्या युनिक्सवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर एखादा साधू बसला असता, तरी त्यानेही शिवी हासडली असती.

हे मशीन आमच्या लूमला, म्हणजे मागाला, डिझाइन सांगणारी भोकांची कार्डं पाडतं. माझी भाची क्षितिजा, तिचं लग्न ठरलंय. तिचा शेला आमच्याच कारखान्यात विणायचा आणि काठाला बाबांची मासोळी घालायची, असं घरात पक्कं झालेलं. बाबा आता नाहीत. खाडीतली मासोळी त्यांनी शेजारी बसून सांगितली आणि मी स्क्रीनवर एकेक ठिपका भरला. ते डिझाइन फक्त ह्याच मशीनमध्ये. कॉपी काढायची राहिली ती राहिलीच.

दसऱ्याला हळदकुंकू वाहून बंद केलेलं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा चालू केलं. त्याने नाव विचारलं, पासवर्ड घेतला आणि वेड पांघरून पेडगावला गेलं. अक्षर खोडायचं बटण दाबलं, तर खोडायचं राहिलं बाजूला, वर आणखी दोन अक्षरं उमटली. बाणाचं बटण दाबलं की कंसच कंस. डिझाइनचा प्रोग्राम उघडायला गेले, तर म्हणतं, तुमचं टर्मिनल, म्हणजे हा स्क्रीन आणि कीबोर्ड, कुठल्या प्रकारचं ते मला ठाऊक नाही.

"मेल्या, वीस वर्षं ह्याच टर्मिनलवर बसतेय मी!"

"ताई, भंगारवाल्याला फोन लावू?" माझा भाऊ मितेश दारातून म्हणाला.

"तुलाच देते भंगारात! गप बस."

तोंडाने बोलले, पण मनात एकच होतं. मासोळी गेली, तर ती पुन्हा सांगायला बाबांना कुठून आणू?

मशीनमधून बाहेर पडून, नाव-पासवर्ड देऊन पुन्हा आत शिरले. ह्या वेळी डोळे फाडून बघत होते, म्हणून दिसलं. आत घेतानाच मशीन कुरकुरलं, की सुरुवातीच्या फाइलची पहिलीच ओळ कळत नाही. टर्मिनल कुठलं, खोडायचं बटण कुठलं, हे सगळं ते त्या फाइलीतून वाचतं. फाइल स्क्रीनवर ओतली. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत श्री, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा.

मी मितेशकडे बघितलं. तो लूमकडे बघायला लागला.

"तूच म्हणालीस ना, मशीन सगळ्यात आधी हे वाचतं? आपण पत्रिकेवर लिहितो, पाटीवर लिहितो. दसऱ्याला म्हटलं, ह्याच्यात पण लिहू."

"अरे शहाण्या, मशीन ह्यातली प्रत्येक ओळ हुकूम समजतं! पहिलाच हुकूम कळेना, म्हणून पुढचं वाचायचंच सोडलं त्याने."

खरं तर भडकायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. टर्मिनलचं नाव हाताने टाकलं. एक अक्षर चुकलं की अख्खी ओळ पुन्हा, असं करत करत एकदाची फाइल दुरुस्त करायला उघडली. ती ओळ उडवणार, इतक्यात चहा घेऊन आलेल्या आईने माझा हात धरला.

"थांब गो बाय. देवाचा नाव पुसाचा न्हाय."

"आई, त्याच्यामुळेच अडलंय सगळं."

"मंग दुसरा कायतरी कर. पुसू नको."

आईपुढे माझं काय चालणार! मी त्या ओळीच्या आधी एक हॅश, म्हणजे # ही खूण, लावला. "हे लावलं की मशीन ही ओळ सोडून पुढे जातं. ही फक्त माणसांनी वाचायची."

आत शिरले. खोडायचं बटण निमूट खोडायला लागलं. डिझाइन उघडलं आणि मासोळ्या ओळीने समोर आल्या, शेपटी वर वळलेल्या. जिवंत मासोळीची शेपटी कधी सरळ नसते, असं बाबा म्हणायचे.

"त्यांचीच हाय," आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. माझा जीव भांड्यात पडला. मितेश उगाचच चहा ढवळत राहिला.

थोड्या वेळाने आईने विचारलं, "त्या फायलीत देवाच्या खाली जागा हाय?"

"आहे की."

"मंग तिथं त्यांचा बी नाव लिव. मशीनने न्हाय वाचला तरी चालंल. आपून वाचू."

हॅश लावून मी बाबांचं नाव लिहिलं, तुळशीराम. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्याने काही कुरकुर केली नाही, आणि मितेश कार्डं पाडायला बसला.