राहून गेलेला इतिहास

बाबांच्या वर्षश्राद्धाला जेवण घालण्याऐवजी महाराष्ट्र मंडळातल्या मुलांना अभ्यासाची पुस्तकं द्यायची, असं आईनं ठरवलं. घरात वाचणारी मी. त्यामुळं निवड माझीच असणार, असं मी धरून चालले होते.

"अंबिका, कश्मिराला घेऊन जा," आई म्हणाली. "दर एप्रिलला पुस्तकं घ्यायला ती आणि तुझे बाबाच जायचे. त्यांची पद्धत तिला ठाऊक आहे."

कश्मिरा शेजारच्यांची मुलगी. मी नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा ती पहिलीत होती.

सदर बाजारातल्या दुकानदारानं तिला पाहताच स्टूल पुढं केलं. "आओ बिटिया. बाबूजी के बिना दुकान सूनी लगती है." मग माझ्याकडं वळून, "आप इनके यहाँ मेहमान हैं?"

"बाबूजी की बेटी हूँ," मी म्हणाले.

तो ओशाळला. कश्मिरानं हसू दाबत गणिताचं पुस्तक मागून उघडलं, एक उत्तर पाहिलं आणि ते गणित पाठकोऱ्या कागदावर सोडवलं. "उत्तर चुकलं असलं की काका पुस्तक असं सरकवायचे." तिनं दोन बोटांनी ते दूर ढकललं. नको असलेली वाटी बाबा ताटापासून तशीच ढकलत.

"आणि विज्ञानातला प्रयोग स्वयंपाकघरात जमायला हवा. काकूंची भांडी किती जाळलीत आम्ही!"

माझ्या लहानपणी बाबा कारखान्यातून यायचे तेव्हा मी झोपलेली असायची. पुस्तकं सकाळी उशाशी सापडत. ती कशी निवडतात, हे मला कुणी दाखवलं नाही. निवृत्तीनंतरचा मोकळा माणूस हिच्या वाट्याला आला.

मी भूगोलाचं एक देखणं पुस्तक पुढं केलं. तिनं नकाशा उघडला.

"दीदी, यात आपली बेतवा नदीच नाही." पुन्हा तीच दोन बोटं.

"इतिहासाचं कसं बघायचे?" मी शेवटी विचारलं. विचारावं लागलं, याचाच राग आला.

"ते नाही बघायचे. म्हणायचे, इतिहास अंबिका आली की निवडेल. दरवर्षी राहूनच जायचा. मंडळातली मुलं चिडवायची, काका, इस साल भी हिस्ट्री गोल?"

दुकानदार मान हलवत हसला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी यायचे ती दिवाळीत, आणि फोनवर बाबा हवापाणी सोडून काही बोलत नसत. माझी वाट पाहणंसुद्धा त्यांनी हिलाच सांगितलं होतं.

कश्मिरानं इतिहासाचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि स्टूलवरून उठली.

मी बसले. वरचं पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि दोन बोटांनी दूर सरकवलं. मग तिच्याकडं पाहिलं. तिच्यापेक्षा मला ते अधिक बाबांसारखं जमलं का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते.