झाकणावरचं पाणी

माझा नवरा रोज सकाळी अकरा ते साडेबारा आटतो. ही वेळ समोरच्या ब्लॉकमधल्या ताम्हणेबाईंच्या शिकवणीची आहे. एरवी तो ठीक असतो, जेवतो, पेपर वाचतो. पण शिकवणी संपली की आदल्या दिवसापेक्षा कमीच उरलेला असतो.

हेरंब इंग्रजीचा मास्तर, आता निवृत्त. बाईंना कॅनडातल्या सुनेशी फोनवर बोलता यावं म्हणून तो त्यांना शिकवतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "सर, रस्सा आटला, हे सुनेला कसं सांगू?" त्यानं तीन शब्द सांगितले. त्यांनी आणखी मागितले. तेव्हापासून दोघांचं दुसरं काही चालत नाही. विरणं, ओसरणं, उडून जाणं, हळूहळू नाहीसं होणं, या सगळ्याला साध्या बोलण्यातल्या इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच. फेड. व्हॅनिश. मेल्ट अवे. प्रत्येक शब्दागणिक त्याच्या मानेवरून थोडी वाफ निघते. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते. एकतीस वर्षांच्या संसारात मला 'मीठ' आणि 'टॉवेल' याखेरीज फारसे शब्द मिळालेले नाहीत.

ही वाफ जाते कुठे, तेही मी पाहिलं आहे. ती बाईंच्या चष्म्यावर बसते. बाई चष्मा काढतात, पदरानं पुसतात, पदर कमरेला खोचतात आणि माझ्या नवऱ्याला घेऊन घरी जातात. आता त्यांचे गाल वर आले आहेत. परवा जिन्यात त्या शिंकल्या, तर आधी दोनदा घसा खाकरून. ती सवय हेरंबची. माझा इतका जळफळाट झाला की हातातली कोथिंबिरीची जुडी मी जिन्यातच टाकून आले.

"अहो, शिकवणी बंद करा," मी म्हटलं. "तुमचे खांदे गेले."

"चांगली प्रगती आहे गं तिची," तो म्हणाला.

मी त्याच्या शर्टाला खांद्यापाशी टाचण्या लावून दिल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्या छातीतून वाचता येत होतं. संकष्टी गुरुवारी होती.

बुधवारी मी परातीत गार पाणी घेतलं आणि शिकवणी चालू असताना ती त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिले. पालेभाजी आपण अशीच शिजवतो. झाकणावर पाणी असलं की वाफ खालून लागते, थेंब होऊन परत भाजीत पडते, आणि काही वाया जात नाही.

"वहिनी, हात दुखतील तुमचे," ताम्हणेबाई म्हणाल्या.

"मला सवय आहे."

हेरंबनं पुढचा शब्द सांगितला. वाफ वर आली, परातीला लागली आणि टपटप त्याच्याच टकलावर पडली. बाईंचा चष्मा कोरडा राहिला. त्याच्या कानांना रंग आला. मग खांदे आले, आणि एक टाचणी उडून टेबलाखाली गेली. बाईंचा चेहरा उतरला. खरं सांगते, लग्नाच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

"सर, अजून एक," बाई म्हणाल्या. "एकच. मग मी नाही विचारणार."

हेरंब आठवायला लागला. त्याला शब्द सापडेना. ओठ सुकले, घसा सुकला, आणि खोलीत करपल्याचा वास आला. खाली लागतंय, हे कळायला मला बघावं लागत नाही. अशा वेळी झाकणावरचं तापलेलं पाणी आत ओतायचं असतं. परातीतलं पाणी एव्हाना कढत झालं होतं. माझ्या हातांनी ते ओतलं.

भस्सकन वाफ झाली. खुर्चीत शर्ट आणि लेंगा राहिला.

खिडकी मी लावली. दार बाईंनी लावलं आणि आतून कडी घातली. दाराखालच्या फटीत मी पायपुसणं सारलं, त्यांनी त्यावर आपली वही दाबली. खोलीभर पांढरं झालं होतं.

"अगं, पंखा लावू नकोस," त्या पांढऱ्यातून हेरंब म्हणाला. अगं कोणाला म्हणाला, ते कळलं नाही. दोघीही "नाही लावत" म्हणालो.

मग मी तोंड उघडून जोरात श्वास ओढला. बाईंनीही ओढला. खुर्ची दिसायला लागली. मी न सोडता आणखी ओढला, त्यांनीही आणखी ओढला, आणि खोली स्वच्छ झाली.

आता आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना गाल फुगवून बसलो आहोत. माझ्या कानात ठोके पडताहेत. जी आधी श्वास सोडेल तिच्यातला हेरंब दुसरी ओढून घेणार, हे दोघींनाही ठाऊक आहे. बाईंचे डोळे लाल झाले आहेत, आणि त्यांच्या ओठांची डावी कड हलते आहे.