मुका टाळ

वरकुट्यातल्या मंदिरात एकादशीचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. महाराजांनी चरण धरला, टाळकऱ्यांनी तो उचलला, पखवाज घुमला आणि सगळे टाळ एका झणत्कारात मिटले. त्यानंतर एकट्या गेणबाचा टाळ मागून खणकला. पंगत उठून गेल्यावर कुणी एकटंच पानावर बसावं, तसा.

कीर्तन संपलं, बुक्का लागला. पखवाजावर गवसणी चढवता चढवता जोतीरामनं विचारलं, "गेण्या, आज कुठं हुतास?"

"हितंच की. तुझ्या म्होरं."

"तू हुतास. टाळ न्हवता."

"टाळच बसल्यात रं. पयल्यावानी वाजंनात. टाळातलं कासं मेलंय जणू."

"कासं कधी मरतंय व्हय? मरत्यात ती माणसं," जोतीराम हसत म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. गेणबाची बायको, फुलाबाई, जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं.

गेणबा एकादशीपुरता गावी यायचा, एरवी बारामतीत युवराजच्या बागांच्या धंद्यावर कामाला होता. बंगल्यांची, कंपन्यांची लॉन राखायची, मेंदीची कुंपणं छाटायची. गेणबाकडं गवत कापायचं मशीन होतं. खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं, पेट्रोलवरचं, टोकाला पातं गरगरणारं. पात्याखालून खडा उडाला तर गोळीसारखा येतो. म्हणून मशीन चालू असताना जवळ कुणी जायचं नाही, हा युवराजचा नियम. पायात बूट, डोळ्याला गॉगल आणि कानावर लाल वाट्या, हाही नियमच. त्या वाट्यांना इअरमफ म्हणतात. गेणबा वाट्याच म्हणायचा.

जवळ कुणी येत नसल्यानं त्याचा सबंध दिवस न बोलता जायचा. संध्याकाळी युवराजच्या नर्सरीतल्या पत्र्याच्या खोलीत भाकरी थापायला बसलं, तरी बोलायला कोण? लेक संजीवनी भिगवणला, तिच्या संसारात. मशीन मात्र साथ द्यायचं. अर्ध्या रेसवर ठेवलं की ते एकाच सुरात घुमायचं, आणि तो सूर गेणबाच्या गळ्याला असा बसायचा की जणू मागं कुणी तंबोरा धरलाय. मग तो मोकळ्या गळ्यानं गायचा. काकड्यापासून शेजारतीपर्यंत, आठवेल ते. त्या गोंगाटात ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळं लाजही नव्हती. वाट्या घातल्या की सूर तुटायचा. म्हणून गेटवरच्या वॉचमनच्या नजरेआड झाला, की तो वाट्या मानेवर सरकवायचा. देवानं कान दिले ते काय झाकून ठेवायला? संध्याकाळी कानात रातकिडे किरकिरायचे. ते बाहेर झाडांत असतील, असं त्याला वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी तो नवे टाळ घ्यायला इंदापूरला गेला. समया, घंटा, टाळ विकणारं ओळखीचं दुकान होतं. त्यानं एक जोड उचलून वाजवली. फळीवर फळी आपटावी तसा आवाज. दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"ह्यात झणकार न्हाय ओ."

"आबा, नवा माल हाय. घरी जाऊन वाजवा, गल्ली जागी हुईल."

गेणबानं सगळ्यात जड जोड घेतली आणि हात वर करून जोरात वाजवली. शेजारी तांब्या बघत उभ्या असलेल्या बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. तिच्या पायाशी उभं असलेलं लेकरू रडायला लागलं.

"आरं आबा, सबुरीनं. गिऱ्हाईक पळंल माझं," दुकानदार म्हणाला.

गेणबा लेकराकडं बघत राहिला. तोंड एवढं उघडं, डोळ्यांना धार. आणि रडणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं येत होतं. त्यानं टाळांची दोरी नीट गुंडाळली आणि जोड होती तिथं ठेवून दिली.

आठवडाभर त्यानं ते मनात ठेवलं, मग युवराजला सांगितलं. युवराज त्याला स्वतः गाडीवर बसवून बारामतीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि मोठ्यानं सांगितलं, "बारीक, टिपेचे आवाज ऐकणारी नस गेलीय बाबा. ती परत येत नसते. जाड आवाज अजून शाबूत आहेत. पण उघड्या कानानं मशीन चालवलंत, तर तेही जातील."

बाहेर गाडीपाशी युवराजनं विचारलं, "तात्या, वाट्या दिल्या हुत्या का न्हाय मी?"

"दिल्या हुत्या."

"मग?"

"वाट्यात गाणं हुईना."

युवराज रागावणार होता, पण त्याला रागावता येईना. "नुस्त्या दिल्या म्हणून मी सुटत न्हाय. घातल्यात का, ते बघायचं काम माझंच हुतं," तो पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, "मशीन सोडा आता. नर्सरीत बायांबरुबर पिशव्या भरा."

"काय?"

युवराजनं पुन्हा सांगितलं.

"नगं. त्या हसत्यात, बोलत्यात. मला निम्मं कळत न्हाय. काय म्हन्ली, काय म्हन्ली, किती डाव इचारायचं? मशीनच बरं."

"मग वाट्या उतरलेल्या दिसल्या, की मशीन काढून घेणार. सांगून ठिवतो."

"व्हय."

पुढच्या एकादशीला जोतीरामनं त्याला रांगेत समोर उभं केलं. "माझ्या हाताकडं बघ न् वाजव."

गेणबानं नजर हातावर रोवली. पण डोळ्यांनी धरलेला ठेका मनगटात उतरेपर्यंत शिळा व्हायचा. निरूपण सुरू झालं तरी त्याची नजर तिथून हलेना. न जाणो, महाराज मधेच चरण धरतील. महाराज दाखले देत होते, लोक हसत होते, एक म्हातारी डोळे पुशीत होती. कशासाठी, ते गेणबाला कळलं नाही. अख्ख्या कीर्तनातून त्याला एक हात तेवढा मिळाला होता.

त्यानं टाळ गळ्यातून काढले, कपाळाला लावले, विणेकऱ्याच्या पायाशी ठेवले आणि पखवाजापुढं खाली बसला. जोतीरामनं भुवईनं खुणावलं, ऊठ. गेणबानं नाही म्हणून मान हलवली.

रांगेतली त्याची जागा दोन्हीकडच्यांनी सरकून बुजवली. बुजवायलाच हवी, रांगेत खिंड ठेवत नाहीत. खाली बसल्यावर पखवाज छातीत पुरा उतरला. महाराजांचा भारदस्त आवाजही बराचसा पोचला आणि दाखल्याचा शेवट ऐकून गेणबा लोकांबरोबर हसला, जरा उशिरानं. मग भजन चढलं. समोर सगळे हात उघडत होते, मिटत होते, आणि त्यांच्या मधून काहीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या लॉनवर त्यानं मशीनची दोरी ओढण्याआधी वाट्या कानावर दाबल्या. पाखरं गेली, रस्ता गेला. मशीन सुरू झालं ते फक्त खांद्याला कळलं. सूर नव्हता. सवयीनं तो गुणगुणला आणि दचकला. गाभाऱ्यात बोलावं तसा त्याचा स्वतःचा आवाज डोक्यात भरून आला होता. त्यानं चरण धरला. म्हटला, आणि मागच्यांनी उचलावा म्हणून थांबला.

कुणी उचलला नाही. स्वतःचा श्वास तेवढा वर-खाली होत होता. पातं फिरत राहिलं, गवत पडत राहिलं. थोडं थांबून गेणबानं तो चरण आपणच उचलला, रांग उचलते तसा, जरा खालच्या पट्टीत.

युवराज नियमाप्रमाणं लांब, समोरच्या बाजूला उभा राहून हात हलवत होता. हातात चहाचा कप होता. गेणबानं त्याला पाहिलं आणि एका बोटानं थांबायची खूण केली. चरण अजून अर्धा होता.