फिल्मची वरची कड

“झाली वाचून फिल्म?” सरांनी विचारलं.

“हो सर.” ती एका दमात बोलत होती. “पोटाचा एक्स-रे, उभ्याने काढलेला. मुतखड्याची शंका होती. खडा कुठेही दिसत नाही. आतड्यातली हवा जागच्या जागी आहे. छाती-पोटामधल्या पडद्याखाली मोकळी हवा नाही, म्हणजे आतडं कुठे फुटलेलं नाही. मणके वयाच्या मानाने ठीक आहेत.”

शेवटचं वाक्य संपताना तिचा जीव भांड्यात पडला होता. ती फिल्म तिच्या वडिलांची होती.

हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळच्या वाचनाला सर स्क्रीनच्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून नाव झाकत. वय सांगायचे, तक्रार सांगायचे आणि एकेका शिकाऊ डॉक्टरला उभं करायचे. मुलं त्यांना मागून ‘दुर्बीण’ म्हणत, कारण चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनला नाक लावायचे. आपल्या माणसाच्या बाबतीत आपले डोळे भरवशाचे नाहीत हे ओळखून तिनेच एक्स-रेवाल्याला सांगून ती फिल्म आजच्या गठ्ठ्यात सरकवली होती. दुसरं कुणीतरी वाचेल, आपण मागे बसून ऐकू, असा तिचा हिशेब. सरांनी नेमकं तिलाच उठवलं.

“दुखतं ती जागा कधी बघायची?” सर म्हणाले.

“शेवटी, सर.”

“आणि तुम्ही?”

कडेपासून सुरुवात करायची, दुखरी जागा शेवटाला ठेवायची, हा सरांचा नियम तिला तोंडपाठ होता. नव्या मुलांना तीच दरडावून सांगायची. पण आज फिल्म लागल्याबरोबर तिची नजर खड्यावर गेली होती आणि खडा नाही म्हटल्यावर बाकीचं तिने उरकून टाकलं होतं. डॉक्टरने फिल्म वाचलीच नव्हती. लेकीने वाचली होती.

“पोटाच्या फिल्मला वरची कड असते,” सर म्हणाले. “तिथे फुप्फुसाचा तळ येतो. फुकटात मिळतो, म्हणून कुणी बघत नाही. बघा.”

तिने पाहिलं. उजवीकडे, पडद्याच्या जरा वर, शर्टाच्या बटणाएवढे तीन गोल पांढरे डाग होते. ते मघापासून तिथेच होते.

“काय वाटतं?”

“गाठी आहेत, सर. एकाहून जास्त. म्हणजे दुसरीकडून पसरत आलेल्या असू शकतात.” आवाज तिचाच होता, पण तिला तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. “छातीचा एक्स-रे काढावा लागेल. मग सीटी स्कॅन. मूळ शोधावं लागेल.”

“बरोबर. आता नाही विसरणार तुम्ही,” सर म्हणाले आणि त्यांनी पुढची फिल्म लावली. तिने ती फिल्मही ऐकली, वहीत लिहूनही घेतली. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढीच भीती तिला वाटत होती.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. उभा जन्म शिलाई मशीनपुढे गेलेला, त्यामुळे रिकामं बसले तरी पाठ वाकलेलीच. शेजारच्या पेशंटच्या पँटची शिवण उसवली होती, ती कशी घालायची हे ते त्याला समजावून देत होते.

“काय डॉक्टरीणबाई, निघाला का दगड?”

“खडा नाहीये, बाबा.”

“मी म्हटलं नव्हतं? तुझी आई उगाच डोकं खात होती.” ते उठलेच. “चल, मग सुटलो.”

“एक फोटो राहिलाय. छातीचा.”

“छातीचा? अगं, दुखतंय पोट. माप घ्यायला चुकलीस की काय?”

“चुकलेच होते,” ती म्हणाली. “चला.”

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग शर्टाची बटणं काढायला लागले.

एक्स-रेवाल्याने त्यांना पाठमोरं उभं केलं, हनुवटी पाटीवर टेकवली, खांदे पुढे ढकलले आणि तो काचेआड तिच्याजवळ आला. “आजोबा, मोठा श्वास घ्या. धरून ठेवा,” माइकमध्ये बोलून त्याने बटण दाबलं.

चित्र स्क्रीनवर आलं. लगेच ‘सोडा’ म्हणायची त्याची सवय होती, पण तो स्क्रीनकडे बघत राहिला. इतकी वर्षं हेच काम केलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. डाग तीनच नव्हते. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. तिने कडेपासून सुरुवात केली. हाडं, श्वासनलिका, हृदय, पडदे, सगळं रीतसर बघून ती फुप्फुसांपाशी शेवटी पोचली. या वेळी काही राहिलं नाही.

मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. बाबांची उघडी पाठ तशीच ताठ होती. खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. सोडा असं कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते श्वास धरून उभे होते.

ती माइकवर वाकली. “बाबा,” ती म्हणाली, “सोडा आता.”

खांदे खाली आले. न वळताच त्यांनी विचारलं, “नीट आलाय ना गं फोटो?”

“हो, बाबा. अगदी स्वच्छ आलाय.”