हाताचा गुण

निजामाच्या राज्यात, केदारखेड्यात, आबारावाएवढं पोट दुसऱ्या कोणाचं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्या घरातला गडी, पण शेतीत जम बसला, दावणीला म्हशी आल्या आणि भाकरीवर तुपाची धार पडायला लागली, ती काही थांबेना. त्याच्या बायकोला, जयवंताबाईला, त्या पोटाचं कोण कौतुक! नवरा वाळका दिसला की लोक बायकोलाच नावं ठेवतात, मंग तिनं हात आखडून वाढावं तरी कशाला?

पुढं त्याचा डावा पाय दुखायला लागला. मळ्याकडं जाताना पोटरीत असा गोळा यायचा की बाभळीला धरून उभं राहावं लागे. थांबला की बरं, चालला की पुन्हा तेच. आता जयवंताबाई डाग द्यायला पंचक्रोशीत नावाजलेली. तिनं विळा तापवून लंगड्या मेंढराला चटका द्यावा आणि त्यानं कळपामागं पळावं, असा तिच्या हाताला गुण. तिनं नवऱ्याच्या पोटरीलाही डाग दिला. तो हूं की चूं न करता बसला, वर गावभर सांगत सुटला की बायको असावी तर अशी.

डाग चिघळला, भरेचना. अंगठा काळा पडला तेव्हा गाडीत घालून त्याला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं हैदराबादेहून आलेले गिरिधर डॉक्टर अशाच पायांचा अभ्यास करून राह्यले होते. त्यांनी फीत लावून पोटाचा घेर मोजला, रक्त काढून घेतलं आणि शेवटी पाय मांडीतून कापला. कापलेल्या पायातली शीर उभी चिरून त्यांनी जयवंताबाईला दाखवली. आत पिवळट चरबी गच्च बसलेली. रक्तच पोचत नव्हतं तर जखम भरणार कशी, असं म्हणाले. डाग दिला नसता तर पाय कदाचित राहिला असता, हेही त्यांनी सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

ही चरबी काढायची दवा द्या, म्हणून तिनं पदर पसरला. अशी दवा अजून कोणालाच सापडली न्हाई, आम्ही शोधतोय, असं सांगून त्यांनी आबारावाचं तूप आणि चिलीम बंद करायला लावली.

घरी येऊन तिनं दोन्ही बंद केलं. आबाराव ताटावरून रोज कटकट करी, ती मुकाट ऐकून घेई. विळा आढ्यात खोचून ठेवला तो पुन्हा काढला नाही. कोण डाग घ्यायला आलं तर माघारी लावी. डॉक्टर काय बोलले ते मात्र नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही.

थंडीत एका सकाळी आबारावानं उजवा पाय पुढं केला.

"हा बी गार पडलाय. जल्दी विळा तापव. तुझ्या हाताला गुण हाय."

जयवंताबाई त्याच्या पायाशी बसली.

"न्हाई. त्या पायाचं वाटोळं माझ्याच हातानं झालं. डाक्टरनं सांगितलं. तुमच्यापासून लपवलं म्या."

आता तो शिव्या देईल, म्हणून तिनं मान खाली घातली. त्यानं फक्त घोंगडी बाजूला सारली. करंगळी काळी पडली होती.

"मंग ह्याला काय झालं?" तो म्हणाला. "ह्याला तर तू हात बी लावला नव्हता."

भाकरीवरची तुपाची धारही तिच्याच हातची होती. तिनं तो गार पाय मांडीवर घेतला आणि रडत बसली.