न विचारता तपासलेलं रक्त

हातपाय थरथरत, माणसं विसरत आई गेली. मागे दोन मुली राहिल्या. तो आजार आईकडून मुलांत उतरू शकतो, आणि रक्त तपासलं की आधीच कळतं. थोरली जनुकशास्त्रज्ञ होती. तिने स्वतःचं रक्त तपासलं, त्यात दोष नव्हता, आणि ती सुटली. धाकटीने मात्र बजावलं होतं, "ताई, मला कळून घ्यायचंच नाही. रोज मरणाची वाट बघत जगणं मला जमणार नाही."

पुढे प्रयोगशाळेला दुसऱ्याच अभ्यासासाठी निरोगी लोकांचं रक्त हवं होतं. धाकटीने ताईसाठी आनंदाने हात पुढे केला. त्यातलंच थोडं रक्त थोरलीने गुपचूप आईच्या आजारासाठी तपासलं. दोष नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला, पण सांगायची सोय नव्हती.

एका दुपारी धाकटी म्हणाली, "आम्ही मूल नको असं ठरवलंय. आईचं दुखणं पुढे कशाला ढकलायचं?"

थोरलीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. धाकटी रडत तिला बिलगली आणि मग एकदम बाजूला झाली.

"दोष निघाला असता, तर सांगितलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी थोरली प्रयोगशाळेत गेली.

तिने आपण होऊन तिथल्या प्रमुखांना कबुली दिली. तिला अभ्यासातून काढलं, त्याचं तिला वाईट वाटलं नाही. धाकटी मात्र कित्येक महिने बोलली नाही.

मुलगी झाल्यावर तिनेच बोलावलं. बाळ मांडीवर देत म्हणाली, "हिचं काही तपासायचं असेल, तर ती मोठी झाल्यावर तिलाच विचार."

थोरलीने मान हलवली. वर बघायचा धीर तिला झाला नाही.