आयडाआत्याच्या गोळ्या

उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या बर्फाळ गावात पोटाच्या कॅन्सरने एकामागून एक माणसं जायला लागली, तेव्हा दक्षिणेकडून डॉक्टर आले. मी, व्हर्ना, दवाखान्यात दुभाषी. म्हाताऱ्यांना आमच्या भाषेत समजावणं माझं काम.

गावच्या रेडिओवर मी सांगितलं होतं, "या कॅन्सरच्या मुळाशी एक जंतू आहे. तो पोटातल्या आम्लालाही पुरून उरतो. बुळबुळीत थरातून पोहत जातो आणि अस्तराला आकड्यांनी धरून बसतो. अन्न पुढे सरकतं, हा हलत नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले पुन्हा वाढतात."

मग माझ्याही पोटात तो निघाला. गोळ्या दहा दिवसांच्या. तोंड कडू व्हायचं, आणि वसंतातल्या शर्यती-नाचगाणी तोंडावर आलेली. गोळ्या चालू असताना बिअर चालत नव्हती. चौथ्या दिवशी मी गोळ्या सोडल्या.

पुढच्या तपासणीत जंतू तसाच.

"सगळ्या घेतल्या होत्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मागच्या बाकावर गावातली तीन म्हातारी माणसं बसली होती. "घेतल्या," मी म्हणाले.

"म्हणजे तुमच्या घरातला जंतू या औषधाला दाद देत नाही. तुमच्या आत्यांच्याही पोटात तो निघालाय, त्यांना कडक औषध द्यावं लागेल."

आयडाआत्यानेच मला वाढवलं. ती हसली, "तुझ्या लाडक्या जंतूला दात फुटलेत वाटतं!"

दुसऱ्या दिवसापासून तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. कॅरिबू हरणाचं सूपसुद्धा पोटात ठरेना.

"आत्या, बंद कर. मी डॉक्टरांशी बोलते."

"बंद कशी करू? आकडे रोवून बसतो म्हणालीस ना? गावाला शहाणपण शिकवतेस आणि घरच्या म्हातारीला पळवाट दाखवतेस होय गं?" तोंड पुसून तिने पुढची गोळी गिळली.

पाचव्या दिवशी न्हाणीघराकडे जाताना ती चक्कर येऊन पडली. मनगट सुजलं. त्यावर बर्फ धरून बसले असताना मी सगळं सांगून टाकलं.

"बिअरसाठी?"

"हो."

तिने माझ्या हातातला बर्फ काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आधी डॉक्टरांना सांग. आणि रेडिओवर बोलली होतीस, तर तिथेही सांग."

दोन्हीकडे सांगितलं. रेडिओवर बोलताना गाणी लावणाऱ्याने मध्येच पाणी पुढे केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. आत्याचं औषध बदललं, मनगट बरं झालं. मी पुन्हा दहा दिवस तिच्यासमोर गोळ्या घेतल्या. दोन महिन्यांनी दोघींच्या पोटात जंतू नव्हता.

दुकानात म्हातारा टायटस हळूच म्हणाला, "माझ्याही उरल्यात गं, खणात पडल्यात." मला मान वर करवेना.

आत्या अजून मला चहा देते, माझी थट्टा करते. पण दवाखान्यात जायचं असलं की डॉक्टरांचं बोलणं समजावायला शेजारच्या ॲग्नेसला सोबत नेते. "तुला कशाला त्रास," म्हणते.